बावीस पावलांवर पाणी

देवळाली प्रवरा,
दि. ३ मार्च १९९६

प्रिय मित्र शमशेर,
सप्रेम जयभीम.

आपल्या सीमाचं ठरलं. मुलगा सम्राट, अकोल्याच्या, म्हणजे तुमच्या तालुक्याच्या गावच्या, शाळेत शिक्षक आहे. त्याचे वडील महेंद्रराव निवृत्त पोस्टमास्तर, कमी बोलणारा माणूस. तारीख १२ मे, रविवार. आपल्यात मुहूर्त बघायचा नसतो, त्यामुळे तारीख मी शांतपणे काढली. सात मेला मतदान संपतं, मग निवडणुकीला लावलेल्या एसटी गाड्या मोकळ्या होतात. दोन गाड्या प्रासंगिक करारावर मिळतील, असं आगारातून लेखी आणलंय.

आता मुख्य गोष्ट. बैठकीत वाद निघाला, लग्न मुलीच्या दारात की मुलाच्या? माझा चुलतभाऊ कानिफनाथ तुला आठवत असेल. गेल्या वर्षी त्याच्या मुलाच्या पत्रिकेवर एकेचाळीस नावं छापली होती, तरी एका चुलत्याचं नाव तिसऱ्या ओळीत आलं म्हणून ते पंगतीतून दोन ट्रॅक्टर माणसं उठवून घेऊन गेले. मला तो ताप नको होता. मी उभा राहून म्हणालो, ना तुमच्या दारात, ना आमच्या. लग्न भंडारदऱ्याला, तलावाच्या काठी! ज्या पाण्यावर मी अठ्ठावीस वर्षं भाकरी खाल्ली, त्या पाण्यासमोर.

कानिफनाथ म्हणाला, "जागा बघितलीय का पण?" मी म्हणालो, त्या धरणाचा इंच न् इंच मला पाठ आहे. महेंद्ररावांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जालिंदरराव म्हणतील तसं."

तुझं हॉटेल धरणापाशीच, त्यामुळे मांडव आणि जेवण तुझ्यावर. सोबत कागद क्र. १ ते ६ जोडले आहेत. कागद १ वर जागेचा नकाशा. विश्रामगृहाच्या पूर्वेला काठ थोडा आत वळतो, तिथे मांडव. मांडवापासून पाणी बावीस पावलांवर. बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर पश्चिमेला, म्हणजे पाहुण्यांना मागे पाणी दिसेल. आपल्यात अक्षता नसतात, फुलं टाकायची, तीही मोगऱ्याची आणि सुटी. कागद ४ वर स्वयंपाक लिहिला आहे. भात तुमच्याकडच्या काळभाताचा हवा. वांग्याला मसाला जरीनावहिनींच्या हातचा.

कागद हरवू नकोस. उलट टपाली कळव.

तुझा,
जालिंदर


शेंडी, भंडारदरा
११ मार्च ९६

जालिंदर,
सलाम अन् जयभीम दोन्ही घे.

पत्र वाचून जरीना नाचायचीच बाकी राहिली. सीमा एवढी मोठी कधी झाली रे? माझ्या डोळ्यांपुढं अजून तिची दोन वेण्यांचीच मूर्ती हाय. जेवणाची काळजी सोड. काळभात आत्ताच सांगून ठेवला. वांग्याच्या मसाल्याबद्दल जरीना म्हणते, भावजींना सांगा, कागदावर तिखटाचे चमचे लिहून पाठवायचे न्हाईत, मी मोजून रांधत नसते.

पण दोस्ता, कागद क्र. १ घेऊन मी काठावर गेलो. विश्रामगृह सापडलं, काठाचं वळणही सापडलं. नकाशा लई भारी काढलायस, शाळेत मास्तर तुझ्या वहीवरून फळ्यावर काढायचे तसा. फक्त पाणी न्हाई.

म्हणजे आज हाय, लांब हाय. मे महिन्यात तर तिथं काहीच नसतं. पाणी खाली खाली जात दरीच्या तळाला बसतं, अन् तू मांडव घातलायस तिथं चिखल वाळून हातहात भेगा पडतात. म्हशीसुद्धा जपून पाय टाकतात. तुझ्या मोगऱ्याची फुलं त्या भेगांत गेली तर पुढच्या वर्षीच निघतील.

आता तू विचारशील, पाणी जातं कुठं? अरे, तूच नेतोस की! उन्हाळाभर देवळालीच्या उसाला जे वाटतोस, ते आमच्या तलावातलंच ना? तू तिथं कालव्याचं फाटक उचललंस की इथला काठ मागं सरकतो.

अठ्ठावीस वर्षं हेच काम करणाऱ्याच्या ध्यानात ही गोष्ट कशी आली न्हाई, याचं मला नवल वाटतंय. तू इथं कधी आला हुतास? सांग तरी. माझ्याकडं तर वीस वर्षांत आला न्हाईस.

तुझा,
शमशेर


देवळाली प्रवरा,
दि. १७ मार्च १९९६

शमशेर,

तुझं पत्र मिळालं. उन्हाळ्यात पाणी उतरतं हे मला तू सांगायला नको. मी पाटकरी आहे, भिस्ती नाही. आवर्तनाचं पाणी धरणातून कधी सुटलं, नदीने ओझरच्या बंधाऱ्यावर कधी आलं, तिथून उजव्या कालव्याने माझ्या फाटकावर किती वाजता पोचलं, याची नोंद माझ्याकडे १९६८ पासून आहे. कार्यकारी अभियंता साहेबसुद्धा ती मागून नेतात.

राहिला काठाचा प्रश्न. तू बहुधा चुकीच्या वळणावर गेलास. विश्रामगृहाच्या पूर्वेला दोन वळणं आहेत. माझा नकाशा खात्याच्या मूळ नकाशावरून काढलेला आहे. आणि मी १९७९ साली साहेबांबरोबर तिथे प्रत्यक्ष आलो होतो. गडबडीत होतो, म्हणून तुझ्याकडे येता आलं नाही. तो काठ मला नीट आठवतो. पाणी पायाशी होतं.

कृपया दुसऱ्या वळणावर जाऊन पावलं मोज. मोजताना पाऊल अडीच फुटाचं धर. तू लहानपणापासून ढांगा टाकतोस.

पत्रिका छापायला टाकल्या आहेत. स्थळ म्हणून 'भंडारदरा जलाशयाचा काठ' असंच दिलं आहे. फक्त सहा नावं आहेत, तीही अकारविल्हे. आता कोणाला बोट ठेवायला जागा नाही.

जालिंदर


शेंडी
२६ मार्च ९६

जालिंदर,

दुसऱ्या वळणावर गेलो. पाऊल अडीच फुटाचंच टाकलं, जरीना मागून हसत हुती. आज पाणी दोनशे सत्तर पावलांवर हाय. मे मधलं मोजायला मला पावलं पुरायची न्हाईत.

एकोणऐंशी साली हॉटेल नव्हतं, माझी नुसती टपरी हुती, विश्रामगृहाच्या फाटकातच. तुमच्या खात्याच्या साहेब लोकांना दोन्ही वेळचा चहा मीच नेऊन द्यायचो. त्यांच्यासोबत देवळालीहून कोण कोण आलं, हे विचारायचा माझा शिरस्ताच हुता. कशासाठी विचारायचो, ते तुला ठाऊक हाय.

बाकी काही लिहीत न्हाई. तुला लिहावंसं वाटेल तवा लिही. मांडवाचे बांबू सांगितलेत. ते कुठंही उभे राहतात.

शमशेर


देवळाली प्रवरा,
दि. १५ एप्रिल १९९६

प्रिय शमशेर,

तीन आठवडे पत्र लिहिलं नाही. काल जयंती झाली. मिरवणूक चौकातून निघाली तेव्हा मी पुढे होतो. दरवर्षीप्रमाणे भाषणही केलं. शिक्षणावर बोललो, खोटं न बोलण्यावर बोललो. घरी आलो तर तुझ्या भारतीवहिनीने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि विचारलं, "त्या शमशेरभावजींना उत्तर टाकलं का?" बाई उगाच विचारत नाही कधी.

तर लिहितो. मी धरण पाहिलेलं नाही. एकोणऐंशी सालीही नाही आणि कधीच नाही.

खात्याची जीप दरवर्षी जायची. साहेब, ओव्हरसियर, कारकून, अगदी ड्रायव्हरच्या मेव्हण्यापर्यंत सगळे जायचे. जीप सुरू झाली की साहेब खिडकीतून म्हणायचे, "जालिंदर, तू थांब. तुझ्याशिवाय फाटक कोण बघणार?" पहिली चार-पाच वर्षं मला तो मान वाटला. घरी येऊन सांगायचो, माझ्याशिवाय पान हलत नाही. मग एकदा एक नवा कारकून, दोन महिन्यांचा, मागच्या सीटवर बसला आणि मला हात हलवून दाखवला. त्या दिवशी मनाशी ठरवलं, कोणी बोलावलं तरच जाईन. कोणी बोलावलं नाही.

तू बोलवत होतास, वीस वर्षं. पण तुझ्याकडे आलो असतो तर धरण पहिल्यांदा बघतोय हे तुला कळलं असतं. आणि तोवर मी गावाला इतकं काही सांगून बसलो होतो. सातवी पास माणूस, पण इंग्रजी नकाशे शब्दकोश घेऊन वाचले, भिंतीची उंची, मोऱ्या, दारं सगळं पाठ केलं. लोक विचारायचे आणि मी सांगायचो. खोटं एकही सांगितलं नाही, फक्त पाहिलं नाही हे सांगितलं नाही.

नकाशावर तलावाची रेघ भरलेल्या पाण्याची असते. ते मला समजायला हवं होतं. समजत होतंही. पण डोळ्यांपुढे जो तलाव आणायचो, तो कायम भरलेलाच यायचा. मी इथून दर उन्हाळ्यात तो उपसतोय, हे त्या चित्रात कधी शिरलंच नाही.

पत्रिका वाटून झाल्या. आता महेंद्ररावांना कोणत्या तोंडाने सांगू? ते राहतात अकोल्याला, त्यांचे पाहुणे आसपासचे, धरण त्यांच्या पायाखालचं. पहिल्या दिवशीच सगळ्यांना दिसेल की मुलीचा बाप बढाईखोर आहे. मला काय व्हायचंय, माझं वय झालं. पण सीमाला त्या घरात जायचंय. बापाचा असला लौकिक घेऊन ती जाणार.

तूच सांग काय करू.

तुझा,
जालिंदर


शेंडी
२० एप्रिल ९६

जालिंदरा,

पत्र हॉटेलात वाचलं अन् गिऱ्हाइकासमोर डोळे पुसले. कांदा चिरत हुतो म्हणून सांगितलं. ते म्हणालं, मग चहात कांदा कशाला घालता.

आता तू मला एक शिवी दे, मग पुढचं वाच. मीसुद्धा एक गोष्ट लपवलीय.

तुझे व्याही इथं येऊन गेलेत. मार्चच्या पंधरा तारखेला, एसटीनं, एकटे. शबनम पिशवी, डोक्याला टोपी. चहा घेतला अन् विचारलं, "जालिंदररावांचे मित्र तुम्हीच का?" मग म्हणाले, "मे मध्ये काठावर पाणी नसतं, हे तुम्हाला माहीत आहे अन् मलाही आहे. त्यांना कळवू नका. मुलीच्या बापाचा शब्द पहिल्याच बैठकीत मोडायचा नसतो. सतरंज्या तेवढ्या जाड टाका, खालून भेगा लागायला नकोत."

अरे, माणूस चिखलात बसायला तयार हुता, अन् तू तीन आठवडे जेवण सोडून बसलायस! त्यांनी कळवू नका म्हटलं, पण मी पाण्याचं तुला चार दिवस आधीच लिहून बसलो हुतो. ते त्यांच्यापुढं कबूल करायला जीभ उचलली न्हाई. मी नुसती मान हलवली. झालं, आपण तिघंही एकमेकांपासून एकच तलाव लपवत बसलो.

आता कामाचं. काठ सोड. धरणाच्या खाली, भिंतीच्या पायथ्याला बाग हाय. झाडं मोठी, गवत हिरवं. अन् पाणी सोडलं की त्या बागेसमोरूनच नदीत पडतं, असं पडतं की बोलणं ऐकू येत न्हाई. वर तलाव आटलेला असला तरी खाली तुझं आवर्तन असंल तर पाणीच पाणी. आवर्तन कधी हाय, ते मी तुला विचारायचं का तू मला?

व्याह्यांना तूच लिही. मी सांगितलं न्हाई असं समज.

तुझा,
शमशेर

ता.क. जरीना म्हणते, भावजींना विचारा, बागेचा नकाशा पाठवू का, का तोही त्यांच्याकडे हाय?


देवळाली प्रवरा,
दि. २५ एप्रिल १९९६

आदरणीय महेंद्रराव यांस,
जालिंदरचा सविनय जयभीम.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं, म्हणून थोडक्यात लिहितो. बैठकीत मी म्हणालो होतो की भंडारदरा धरणाचा इंच न् इंच मला पाठ आहे. ते खरं आहे. पण ते धरण मी आजवर डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मे महिन्यात काठावर पाणी नसतं. पत्रिकेत छापलेली जागा लग्नाला योग्य नाही.

आपली परवानगी असेल तर विवाह धरणाच्या पायथ्याच्या बागेत करावा. उन्हाळी आवर्तन आठ तारखेला सुटायचं होतं, ते आता चार दिवस पुढे गेलं आहे. कार्यालयातून खात्री केली. पाणी १२ तारखेलाच सकाळी सुटेल. हा योग मी जुळवलेला नाही, माझ्या हातात एवढं नसतं.

मी बोललो एक आणि निघालं एक. याचा दोष सीमावर येऊ नये, एवढीच विनंती.

आपला,
जालिंदर


अकोले,
१ मे १९९६

प्रिय जालिंदरराव,
सप्रेम जयभीम.

आपलं पत्र पोचलं. बाग उत्तम आहे. मी स्वतः सुचवणार होतो, पण कसं सुचवावं हे सुचत नव्हतं. आपण सुटका केलीत.

पत्रिकेवरच्या पत्त्याची चिंता करू नये. पस्तीस वर्षं चुकीच्या पत्त्याचं टपाल बरोबर दारात पोचवलं, तेव्हा ही तर माणसं आहेत, विचारू शकतात. शेंडीच्या थांब्यावर आमची दोन मुलं उभी राहतील आणि सगळ्यांना खाली बागेकडे वळवतील.

सीमाबद्दल लिहिलंत ते वाचून मी सम्राटच्या आईला पत्र दाखवलं. ती म्हणाली, ज्या घरात बाप असं पत्र लिहितो त्या घरातली मुलगी आपल्याकडे येतेय, आणखी काय पाहिजे.

एक विनंती माझीही आहे. मी तिथे पुष्कळदा गेलो, पण धरण मला कोणी समजावून सांगितलेलं नाही. लग्नानंतर तासभर काढावा.

आपला,
महेंद्र


देवळाली प्रवरा,
दि. १६ मे १९९६

चि. सौ. सीमा हिस,
अनेक आशीर्वाद.

तू गाडीत बसलीस तेव्हा मी मागे उभा होतो, पुढे आलो नाही. पुढे आलो असतो तर बोलावं लागलं असतं, आणि बोलता आलं नसतं. म्हणून आता लिहितो.

कागद क्र. २ प्रमाणे मंगल परिणय बरोबर अकराला सुरू झाला, याचं मला समाधान आहे. पाणी सोडण्याआधी धरणावरचा भोंगा वाजणार हे मी बौद्धाचार्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, पण तो पंचशीलाच्या तिसऱ्या शीलावर वाजेल हे कोणाच्याच कागदावर नव्हतं. त्यांनी वाक्य अर्ध्यात थांबवलं. तुम्ही दोघं मान वर करून भिंतीकडे पाहत होता. माझं लक्ष तुमच्याकडे होतं, मग आवाज आला आणि मीही पाहिलं.

सीमा, मी ते पाणी अठ्ठावीस वर्षं मोजलंय. पट्टीवर किती फूट, किती इंच. पण ते असं पांढरं होऊन बाहेर पडतं हे मला माहीत नव्हतं. तुषार आपल्या मांडवापर्यंत आले. कानिफनाथ म्हणाला, "जालिंदर, हे बी तूच ठरवलं हुतं का?" मी नाही म्हणालो. तो विश्वास ठेवेना. चारचौघांत खरं बोलल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदाच अनुभवलं.

जेवणं झाल्यावर महेंद्रराव माझ्याजवळ आले आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "चला जालिंदरराव, धरण दाखवा." तू तेव्हा जरीनाकाकूंपाशी बसली होतीस. आम्ही वर गेलो. मागे वीस-पंचवीस माणसं. मी भिंतीवर उभा राहिलो. एका बाजूला आटलेला तलाव, दुसऱ्या बाजूला सुटलेलं पाणी. मग मी एका दाराकडे बोट केलं आणि ते कशाचं हे सांगितलं. ते तिथंच होतं! दुसरं सांगितलं, तेही तिथंच होतं. सगळं नकाशात होतं तिथंच, फक्त प्रत्येक गोष्ट माझ्या मनातल्यापेक्षा मोठी होती. पाऊण तास बोललो. महेंद्रराव मधे मधे प्रश्न विचारत होते. त्यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यांना येत होती, हे मला समजत होतं.

उतरताना शमशेरने माझा हात धरला. म्हणाला, "पायऱ्या बघून उतर, त्या तुझ्या नकाशात न्हाईत." खरंच नव्हत्या.

तुझ्या आईला मी सगळं घरी आल्यावर सांगितलं. ती म्हणाली, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "तुम्ही नकाशा काढत बसलात की घरात शांतता असते."

आता शेवटची बातमी. बारा तारखेला सकाळी अकरा वाजून नऊ मिनिटांनी सुटलेलं पाणी मी घरी आल्यावर मांडून पाहिलं. नदीने खाली येताना ते त्याच दिवशी अकोल्यात तुमच्या पुलाखालून गेलं असणार. तू तेव्हा घरात शिरत असशील. पुढे ओझरच्या बंधाऱ्यावर, मग कालव्याने इकडे. माझ्या हिशेबाने ते काल, पंधरा तारखेला, दुपारी चार वाजता फाटकावर यायला हवं होतं. मी साडेतीनपासून उभा होतो. आधी काडीकचरा आला, मग गढूळ फेस, मग पाणी. ते पट्टीवर चढलं तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

वीस मिनिटं उशीर. अठ्ठावीस वर्षांत असा उशीर झाला की मी रजिस्टरमध्ये कारण लिहीत आलोय, कुठे गाळ, कुठे झाड पडलं. या वेळी कारणाचा रकाना मोकळा ठेवला. फाटक उचललं आणि पाणी उसात सोडलं.

ते तुझ्या गावात थोडं थांबलं असेल, असं मी धरून चाललोय.

तुझा,
बाबा